सासऱ्यांचं नाव याकोब. नातवाला द्यावं का?

ताई, जय ख्रिस्त.

मी पिंपरीत राहते. माहेर आणि सासर दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातलं. दोन महिन्यांपूर्वी मला मुलगा झाला. माझे सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांचं नाव याकोब. मिशनच्या शाळेत शिक्षक होते, पंचक्रोशीत सगळे त्यांना याकोब मास्तर म्हणायचे. नातवाला त्यांचंच नाव द्यावं अशी सासूबाईंची फार इच्छा आहे, आणि मलाही ते मान्य होतं. पण मागच्या महिन्यात इथे एक सभा झाली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितलं, 'याकोब म्हणजे फसवणारा, ठक. देवाला ते नाव आवडलं नाही म्हणून त्याने ते बदलून इस्राएल केलं. मुलांना अशी नावं ठेवू नका, नाव तसा स्वभाव होतो.' घरी येऊन मोबाईलवर पाहिलं तर तिथेही तोच अर्थ. तेव्हापासून ती गोष्ट मनात घर करून बसली आहे. नवरा म्हणतो, सोडून दे, जेम्स ठेवू, छान आणि सुटसुटीत नाव आहे. सासूबाईंना खरं कारण सांगायची सोय नाही. आम्ही पप्पांच्या नावाला नावं ठेवतोय असं त्यांना वाटेल. त्यांना थोडी कुणकुण लागली आहे. बोलत काही नाहीत, पण जेवणावरून लवकर उठतात. बाप्तिस्म्याची तारीख जवळ आली आहे. काय करू?

एक आई, पिंपरी

जय ख्रिस्त. आधी बाळाला माझा गोड पापा.

तारीख तोंडावर आली आहे म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. नाव याकोबच ठेव. सासूबाईंचं मन मोडू नये एवढ्यासाठी नव्हे, ते नाव खरोखर चांगलं आहे म्हणून. सभेत तू जे ऐकलंस त्यातलं थोडं शास्त्रात आहे, बरंचसं नाही, आणि 'देवाला ते नाव आवडलं नाही' हे तर मुळीच नाही.

आता पवित्र शास्त्र घेऊन बस आणि उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय काढ. इसहाक आणि रिबका यांना लग्नानंतर वीस वर्षं मूल नव्हतं. लग्नाच्या वेळी इसहाक चाळीस वर्षांचा होता आणि मुलं झाली तेव्हा साठ वर्षांचा, हे शास्त्रातच दिलं आहे. इतक्या वर्षांनी दिवस गेले ते जुळ्यांचे, आणि ती दोघं पोटातच एकमेकांना ढुसण्या देऊ लागली. रिबका इतकी कासावीस झाली की परमेश्वराला विचारायला गेली. पहिला मुलगा जन्मला तो तांबूस आणि अंगभर केसाळ. त्याचं नाव एसाव. त्याच्या मागोमाग दुसरा आला आणि त्याच्या हातात थोरल्याची टाच होती. टाचेला हिब्रूत 'अकेव' म्हणतात. त्यावरून 'याअकोव', म्हणजे आपलं याकोब. नाव पडलं ते एवढ्यावरून. ज्यांनी ते बाळंतपण पाहिलं त्यांच्या डोळ्यांत भरलेली ती गोष्ट आहे. मिनिटभराच्या बाळाला कसली लबाडी येते?

मूळ हिब्रूत इथे एक बारीक जागा आहे. एसावाच्या वेळी 'त्यांनी' नाव ठेवलं असं अनेकवचन आहे, तर याकोबाच्या वेळी 'त्याने' नाव ठेवलं असं एकवचन. हा 'तो' कोण? सरळ वाचलं तर बाप, म्हणजे इसहाक. पण यहूदी परंपरेतल्या जुन्या गुरूंनी तिथे 'देवाने' असंही वाचलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या हिब्रूतून शास्त्र वाचणाऱ्यांना हे नाव देवाने ठेवलेलं वाटू शकतं, यावरूनच कळेल की त्यांना त्यात शिवी ऐकू आली नाही.

मग 'फसवणारा' आलं कुठून? सत्ताविसाव्या अध्यायातून. तो प्रसंग तुला पाठ असेल. इसहाकाची दृष्टी गेली आहे. त्याला थोरल्या मुलाला आशीर्वाद द्यायचा आहे. रिबका धाकट्याच्या हाताला आणि मानेला करडांची कातडी बांधते, अंगावर एसावाचे कपडे चढवते आणि त्याला बापाकडे पाठवते. आशीर्वाद धाकट्याला मिळून जातो. थोड्या वेळाने एसाव शिकार रांधून आणतो आणि काय झालं ते बापाच्या तोंडून कळताच मोठ्याने आकांत करतो. त्या आकांतात तो म्हणतो, याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, दोनदा याने मला असं केलं, आधी ज्येष्ठपणाचा हक्क घेतला आणि आता आशीर्वादही (उत्पत्ती २७:३६). तिथे त्याने वापरलेलं हिब्रू क्रियापद टाचेच्याच शब्दाशी जुळणारं आहे: टाचेवर येणं, मागून येऊन पाय ओढणं.

म्हणजे हा अर्थ काढला एसावाने. तोही दुखावलेल्या, चिडलेल्या अवस्थेत, आशीर्वाद नुकताच हातचा गेला असताना. त्याचं दुःख खरं होतं आणि मला ते वाचताना दर वेळी त्याचा कळवळा येतो. पण वाटणीच्या भांडणात भावाने रागाने काढलेलं नाव आपण ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर चढवत नाही. एसावाच्या तोंडचं वाक्य उचलून 'या नावाचा अर्थ हाच' असं ठरवणं तितकंच चुकीचं आहे.

शास्त्र स्वतः याकोबाबद्दल काय म्हणतं तेही पाहा. त्याच पंचविसाव्या अध्यायात, सत्ताविसाव्या वचनात, दोन्ही भाऊ मोठे झाल्यावरचं वर्णन आहे. एसाव रानात हिंडणारा पटाईत शिकारी, आणि याकोब तंबूत राहणारा 'ताम' मनुष्य. मराठीत आपण तिथे 'साधा' असं वाचतो. हाच 'ताम' शब्द ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या वचनात ईयोबासाठी आला आहे, आणि तिथे आपण त्याचा अर्थ 'सात्त्विक', 'निर्दोष' असा घेतो. शास्त्राने स्वतःच्या तोंडून ज्याला ईयोबाचा शब्द दिला, त्याला आपण ठक म्हणून हाक मारावी का?

तुझ्या वक्त्यांवर मी पूर्ण अन्याय करणार नाही. याकोबाने बापाला फसवलं हे खरंच आहे. इसहाक स्वतः म्हणतो की तुझा भाऊ कपटाने आला. पुढे संदेष्ट्यांनीही हा धागा उचलला: होशेय त्याच्या टाच धरण्याची आठवण काढतो, आणि यिर्मया आपल्या काळच्या लोकांना झापताना 'प्रत्येक भाऊ टाच ओढतो' अशा अर्थाचं बोलतो, तेव्हा हिब्रू कानाला त्यात याकोबाचं नाव ऐकू येतं (९:४). म्हणून हे नाव घेताना ती बाजू झाकू नये. पण कोटी वेगळी आणि अर्थ वेगळा. हिब्रू शास्त्राला नावांच्या नादाशी खेळायची फार आवड आहे. मोशेचं नाव बहुतेक अभ्यासकांच्या मते मिसरी, म्हणजे इजिप्तचं, आहे, तरी निर्गमात ते 'पाण्यातून बाहेर काढलं' या हिब्रू शब्दाशी जोडलं आहे. शमुवेलाच्या नावाची उपपत्ती हन्ना 'मागितला' या शब्दावरून देते, आणि तो शब्द नादाने शौलाच्या नावाला जास्त जवळचा आहे. खुद्द एसावाच्या जन्मकथेत 'तांबूस' शब्दात अदोम आणि 'केस' शब्दात सेईर ऐकू येतात. पुढे त्याच्या वंशजांचा देश तोच. ही सगळी गोष्ट सांगण्याची रीत आहे. मोबाईलवरच्या नावांच्या यादीत एका रकान्यात एकच शब्द मावतो, तिथे हे सगळं गळून पडतं.

व्याकरणाने पाहिलं तर आणखी एक गोष्ट पुढे येते, आणि मला ती फार मोलाची वाटते. 'याअकोव' हे रूप क्रियापदाचं आहे. इसहाक, योसेफ, इश्माएल ही नावंही त्याच घडणीची. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. त्या काळी अशा नावांच्या शेवटी 'एल', म्हणजे देव, असायचा आणि रोजच्या वापरात तो गळायचा. याकोबाच्या नावाचंही पूर्ण रूप 'याअकोव-एल' असावं असं बरेच अभ्यासक मानतात. याला आधार आहे. आजच्या ईशान्य सीरियात चागर बाजार इथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर याच्याच जवळचं नाव आहे. मिसरचा राजा तिसरा थुतमोस याने कर्नाकच्या मंदिरात जिंकलेल्या गावांची यादी कोरली, तिच्यातही कनानातलं एक गाव या नावाचं आहे. आणि हिब्रूच्या भावकीतल्या दक्षिण अरबस्तानच्या जुन्या भाषेत आणि इथिओपियाच्या गीझ भाषेत याच धातूचा अर्थ आहे राखणं, सांभाळणं. तेव्हा नावाचा मूळ भाव 'देव राखो' असा असणं अगदी संभवतं. विचार करून पाहा, त्या काळचे इतके आईबाप आपल्या लेकरांना 'ठक' म्हणून हाक मारत असतील का?

हिब्रूत शिरून अर्थ शोधणं आपल्याकडे नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं. आपल्याच जिल्ह्याशेजारी बसून एका मराठी बाईने एवढं केलं असताना आपण मोबाईलवरच्या एका ओळीवर लेकराचं नाव टाकून द्यावं हे मला पटत नाही.

आता नाव बदलण्याची गोष्ट. इथे तुझ्या वक्त्यांचं सरळ चुकलं आहे, आणि इथेच ही कथा सगळ्यात सुंदर आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

सत्ताविसाव्या अध्यायात आंधळा बाप विचारतो, 'माझ्या मुला, तू कोण?' याकोब सांगतो, 'मी तुमचा थोरला, एसाव.' बापाला शंका येते, तो पुन्हा विचारतो, तू खरंच एसाव ना? हा म्हणतो, हो. म्हणजे त्याचं पाप काय होतं? त्याने स्वतःचं नाव टाकून दुसऱ्याचं घेतलं. मग तो पळाला. हारानात मामाकडे, लाबानाकडे, वीस वर्षं राबला. तिथे त्याचीच खेळी त्याच्यावर उलटली: राहेलीसाठी सात वर्षं चाकरी केली आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर लेआ. 'मला का फसवलंत?' असं तो लाबानाला विचारतो, आणि तिथला हिब्रू शब्द इसहाकाने उच्चारलेल्या 'कपट' याच शब्दाच्या कुळातला आहे. दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने मी झिजलो, डोळ्याला डोळा लागत नव्हता, असं तो पुढे लाबानाला सुनावतो. ज्याने गुराढोरांमागे रात्री काढल्या आहेत त्याला हे वाक्य कळेल.

शेवटी तो बायकामुलांना घेऊन घरी परत निघतो. पुढून एसाव चारशे माणसं घेऊन येतो आहे. वाटेत यब्बोक नदी. आज ती जॉर्डन देशात झरका या नावाने वाहते. सगळ्यांना पार करून याकोब रात्री एकटा मागे राहतो आणि कुणीतरी पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झोंबी करतो. इथेही हिब्रूत याकोब, यब्बोक आणि झोंबी हे तिन्ही शब्द एकमेकांत घुमतात. जांघेचा सांधा निखळतो तरी हा सोडत नाही. आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणतो. तेव्हा तो पुरुष विचारतो, 'तुझं नाव काय?'

पुन्हा आशीर्वाद मागणं, पुन्हा अंधार, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तो उत्तर देतो, 'याकोब.'

बाई गं, हे वचन मी कितीदा वाचलं असेल, पण दर वेळी इथे थबकते. ज्या माणसाने आशीर्वादासाठी दुसऱ्याचं नाव घेतलं होतं, तो आता स्वतःचं नाव सांगतो, आणि ते सांगितल्यावर त्याला आशीर्वाद मिळतो. इस्राएल हे नाव मिळतं ते 'मी याकोब' असं कबूल केल्यावर. ते नाव घाण होतं म्हणून काढून फेकलं, असं या प्रसंगात कुठे आहे?

आणि ते फेकलं गेलंच नाही. इथे अब्राहामाशी ताडून पाहा. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात अब्रामाचा अब्राहाम झाला. त्यानंतर जुनं नाव येतं ते फक्त मागची आठवण सांगताना. याकोबाचं तसं नाही. पस्तिसाव्या अध्यायात देव त्याला इस्राएल हे नाव पुन्हा सांगतो, तरी शास्त्र पुढेही दोन्ही नावं चालू ठेवतं. म्हातारपणी योसेफाला भेटायला मिसरला निघाल्यावर बैर-शेबा इथे रात्री देव त्याला हाक मारतो, ती 'याकोबा, याकोबा' अशी (४६:२). बदललेलं नाव सोडून जुन्याने. दोनदा. अशी दुहेरी हाक देवाने अब्राहामाला मारली, मोशेला मारली, शमुवेलाला मारली. ती नावडत्याला मारायची हाक नव्हे.

पुढे जळत्या झुडपापाशी मोशे उभा असताना देव स्वतःची ओळख कशी देतो? अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव आणि याकोबाचा देव. शिवाय म्हणतो, हेच माझं सर्वकाळचं नाव (निर्गम ३:१५). स्तोत्रांमध्ये तर 'याकोबाचा देव' हा संकटातला आसराच आहे. शेहेचाळिसावं स्तोत्र काढ, दोनदा येतो. जुन्या करारात हे नाव साडेतीनशेच्या आसपास वेळा आहे. आणि यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायाचं पहिलं वचन तर तुझ्यासाठीच आहे असं समज: हे याकोबा, तुझा उत्पन्नकर्ता म्हणतो, भिऊ नको, मी तुला नाव घेऊन हाक मारली आहे, तू माझा आहेस.

आता तुझ्या नवऱ्याच्या सूचनेबद्दल. जेम्स छान नाव आहे यात वाद नाही. पण जेम्स म्हणजे याकोबच. हिब्रू याअकोव ग्रीकमध्ये याकोबोस झाला, लॅटिनमध्ये याकोबुस, पुढे बोलीभाषेत याकोमुस, आणि त्यावरून इंग्रजांकडे जेम्स. गोव्यातलं सांतियागो हेही तेच, 'संत याकोब'. आपल्या मराठी शास्त्रात हे सगळं लपत नाही, कारण भाषांतरकारांनी दोन्हीकडे एकच नाव ठेवलं: उत्पत्तीतही याकोब आणि नव्या करारातही याकोब. जब्दीचा मुलगा याकोब, ज्याला हेरोदाने तलवारीने मारलं. अल्फीचा मुलगा याकोब. यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ असलेला प्रभूचा भाऊ याकोब. आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे हे ज्यात लिहिलं आहे ते याकोबाचं पत्र. इंग्रजी बायबलमध्ये हे सगळे जेम्स आहेत. तेव्हा 'अर्थ वाईट' म्हणून याकोब टाळून जेम्स ठेवलं, तर अर्थ तोच आणि आजोबांची आठवण मात्र गेली.

नासरेथच्या घरातली एक गोष्ट यात आणखी आहे. मत्तयाने दिलेल्या वंशावळीप्रमाणे मरीयेचा पती योसेफ याच्या बापाचं नाव याकोब (१:१६). लूक तिथे वेगळं नाव देतो, म्हणून मी 'मत्तयाप्रमाणे' असं मुद्दाम म्हणते. आणि मार्काच्या सहाव्या अध्यायात येशूच्या भावांची नावं आहेत, त्यात पहिलं याकोब. म्हणजे मत्तयाप्रमाणे पाहिलं तर त्या घरात आजोबा याकोब आणि नातू याकोब. घराण्यातलं नाव मुलाला देण्याची रीत त्या लोकांत किती पक्की होती हे लूकाच्या पहिल्या अध्यायात दिसतं. योहानाच्या बारशाला शेजारपाजारचे म्हणाले की तुमच्या नात्यागोत्यात या नावाचं कुणीच नाही! तुझ्या सासूबाई काही जगावेगळं मागत नाहीत.

राहिलं 'नाव तसा स्वभाव'. एका ठिकाणी शास्त्रात तसं आहे: अबीगईल आपल्या नवऱ्याबद्दल म्हणते की त्याचं नाव नाबाल, म्हणजे मूर्ख, आणि तो तसाच आहे. पण त्यावरून नियम करायचा तर अबशालोमाचं काय? त्याच्या नावात 'बाप' आणि 'शांती' हे दोन्ही शब्द आहेत, आणि तोच बापाविरुद्ध उठला. यहूदा म्हणजे स्तुती. ते नाव प्रभूला धरून देणाऱ्यालाही होतं आणि प्रभूच्या एका भावालाही. उलट याबेसाच्या आईने त्याला वेदनेवरून नाव दिलं, आणि शास्त्र म्हणतं की तो आपल्या भावांहून प्रतिष्ठित झाला. देवाने त्याची प्रार्थना ऐकली.

तुझ्या घरात तर याचा पुरावा रोज समोर आहे. तुझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव लिहून पाहा. मधलं नाव कोणतं? शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या कागदांपर्यंत जन्मभर तो याकोब लिहीत आला आहे. त्या नावाने त्याचं काय वाईट केलं? आणि याकोब मास्तरांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज कुठे कुठे असतील, त्यांना विचार या नावाचा अर्थ काय. तुझ्या पंचक्रोशीत तो अर्थ त्यांनी आयुष्य घालवून तयार केला आहे, आणि तोच तुझ्या मुलाला आयता मिळतो आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे नाव किती घरांत मानाने नांदतं पाहा. आपल्या ख्रिस्ती घरांत याकोब आणि जेकब, मुसलमान घरांत याकूब, कारण कुराणातही तो नबी आहे. आणि कोकणातले यहूदी, बेने इस्रायल, तर स्वतःला म्हणवतातच इस्राएलाची, म्हणजे याकोबाची लेकरं. अलिबागला इस्रायल आळीत त्यांचं सभास्थान आहे, 'मागेन अबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल. ते पूर्वज म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब, आणि तिथल्या प्रार्थनेत ही तिन्ही नावं पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली आहेत.

सासूबाईंशी कसं बोलायचं ते सांगते. सभेतली गोष्ट त्यांच्यापासून लपवू नकोस. त्यांना कुणकुण लागली आहे, म्हणजे त्या मनात यापेक्षा वाईट काहीतरी कल्पून बसल्या असतील. सुनेला मास्तरांचं नाव जुनाट वाटतं, किंवा नकोसंच आहे, असं. नवऱ्याला शेजारी बसवून सरळ सांग: आई, मी असं असं ऐकलं, मला भीती वाटली, म्हणून मी गप्प होते. त्यांनी चाळीसपन्नास वर्षं त्या नावाच्या माणसाबरोबर संसार केला आहे. त्या तुला या नावाबद्दल जे सांगतील ते कुठल्याच सभेत ऐकायला मिळणार नाही. त्यांना विचार, पप्पांचं नाव कुणी ठेवलं होतं? ते लिहून ठेव, मुलाच्या उपयोगी पडेल.

पाळकसाहेबांशीही बोल. सभेत जे झालं त्याची तक्रार म्हणून नको. एवढंच विचार की बाप्तिस्म्याच्या उपासनेत उत्पत्ती ४८:१५-१६ वाचता येईल का, आणि ते सासूबाईंनी वाचलं तर चालेल का. ते वचन असं आहे: याकोब म्हातारा झाला आहे, नजर अधू झाली आहे, योसेफाची दोन मुलं, एफ्राईम आणि मनश्शे, समोर आहेत. तो त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो की ज्या देवाने मला जन्मभर सांभाळलं, ज्या दूताने मला सगळ्या अरिष्टांतून सोडवलं, तो या मुलांना आशीर्वाद देवो, आणि माझं नाव यांना चालवलं जावो. यहूदी घरांत आजही रात्री मुलांना झोपवताना हे वचन म्हणतात. आपलं नाव नातवंडांनी चालवावं ही मागणी शास्त्रात खुद्द याकोबानेच केलेली आहे. हे वाचल्यावर सासूबाईंना आणखी काही समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही.

मुलगा मोठा झाल्यावर त्याला गोष्ट अर्धी सांगू नकोस. मसुरीच्या वरणाच्या बदल्यात घेतलेला ज्येष्ठपणाचा हक्क, करडांची कातडी, आंधळा बाप, एसावाचं रडणं, सगळं सांग. याकोबाला स्वतःलाही नावांचं ओझं ठाऊक होतं. राहेल बाळंतपणात मरता मरता मुलाला बेन-ओनी, 'माझ्या दुःखाचा मुलगा', म्हणून गेली. तेव्हा याकोबाने ते पोर दुःखाच्या नावाने वाढू दिलं नाही, त्याला बन्यामीन, 'उजव्या हाताचा मुलगा', म्हटलं. बाकी मुलांची नावं बहुतेक लेआ आणि राहेल यांनी ठेवली होती, हे बापाने ठेवलं. मुलाने कधी विचारलं, 'माझ्या नावाचा अर्थ काय?', तर सांग: टाच धरून आलेला, आणि देव राखो. शाळेत कुणी इंटरनेटवरचा अर्थ काढून चिडवलं तर त्याच्याकडे यब्बोकची गोष्ट असेल.

नवऱ्याला जेम्स फारच आवडत असेल तर घरात लाडाने म्हणू दे, नाव एकच असल्याने त्यात अडचण नाही. कागदावर मात्र याकोब. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर वर्षभराच्या आत विलंब शुल्क न भरता नाव घालता येतं, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, जन्मदाखल्यावर आणि पुढे आधार कार्डावर एकच लेखन राहील याची काळजी घे. इंग्रजी अक्षरांत 'जे'ने लिहिलंत तर शाळेत त्याला जेकब म्हणतील, 'वाय'ने लिहिलंत तर याकोब. सासऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांवर कसं होतं ते काढून बघा आणि तसंच ठेवा.